नंदीचं न उघडणारं पान

या प्रकरणाबद्दल लिहायचं तर आधी माजलगावच्या कॉम्प्युटर क्लासवाल्या मॅडमचे आभार मानतो, मग काय घडलं ते सांगतो. नाव कुणाचंच लिहिणार नाही, तो माझा नियम आहे. पण हा मजकूर त्यांच्या हाती पडला तर त्यांना कळेलच. नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले. छाती भरून यावी असा तपास कुठला, असं कुणी विचारलं तर मात्र हाच डोळ्यांपुढे येतो, अगदी जसाच्या तसा. आणि त्यातला सगळ्यात अवघड भाग मी केलेला नाही, त्यांनी केला.

मी मूळचा कोकणातला, राजापूरकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. एका गाववाल्याच्या ओळखीने बीडला पोलीस भरतीला उभा राहिलो आणि उंचीवर निघालो. त्यानंतर सगळी नोकरी याच जिल्ह्यात झाली. शिपायाचा सहायक फौजदार होईपर्यंत केस पांढरे झाले, पण एक भीती पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सोबत राहिली, ती म्हणजे कागद चुकण्याची. फिर्याद लिहून झाली की मी ती पुन्हा पुन्हा वाचायचो. सोबतचे हसायचे. "कोकण्या, फिर्याद हाय, पोथी न्हाई," म्हणायचे. मीही हसायचो आणि परत एकदा वाचायचो.

गोष्ट नव्या शतकाच्या सुरुवातीची. एसटीडी बूथवाले दुकानात कॉम्प्युटर मांडू लागले होते, गावोगावची पोरं शिकून परदेशी जाऊ लागली होती. माजलगाव आणि सिरसाळ्याच्या मधल्या एका गावात महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. तिथला नंदी चोरीला गेला. काळ्या दगडाचा, दोन माणसांनी उचलावा एवढा, गळ्यात घुंगरांची माळ कोरलेली, उजवा कान तुटका. सकाळी गुरव पूजेला गेला तर जागा मोकळी. देवळाच्या दाराचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली गुरवाच्या कमरेला.

एवढं ऐकल्यावर गावाला पुढचं काही ऐकायचं नव्हतं.

फिर्याद पंचांनी दिली, संशय गुरवावर घेतला. मी पंचनामा केला. कुलूप शाबूत असलं तरी दाराच्या बिजागऱ्यांचे खिळे उपसून परत ठोकलेले होते. खिळ्यांच्या डोक्यांवर ताजे घाव होते. मी ते पंचनाम्यात लिहिलं. पण गावाने तोवर गुरवाकडून किल्ली काढून घेतली होती. पिढ्यान्‌पिढ्या त्या घराकडे असलेली पूजा बंद झाली. पाण्याला गेलेल्या त्याच्या बायकोला बाया म्हणाल्या, "देव इकून आता कोन्त्या तोंडानं येती गं?" ती रोज नवऱ्याबरोबर ठाण्यात येई आणि बाहेर लिंबाखाली बसून राही. चौकशीसाठी आम्ही त्याला रोज बोलवत होतो. पन्नाशीचा माणूस, अंगाने वाळलेला. एकच वाक्य बोलायचा. "साहेब, मी त्याला आंघोळ घालतो. मी कावून इकीन?"

आमचे पोलीस निरीक्षक माणूस वाईट नव्हते. पण वरून रोज फोन येत होते, पुढाऱ्यांचेही आणि अधीक्षक कार्यालयाचेही. ते मला म्हणाले, "आठवडाभरात दुसरं काही हाती लागलं नाही तर गुरवाला अटक दाखवा." एकदा अटक दाखवली की पुढे तो सुटला काय आणि न सुटला काय, गाव त्याला परत देवळाची पायरी चढू देणार नव्हतं. हे मलाही कळत होतं आणि त्यालाही.

अशात खबर आली ती अमेरिकेतून. गावातल्या एका व्यापारी घरातला मुलगा तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तिकडच्या जुन्या मूर्ती विकणाऱ्या एका वेबसाइटवर त्याला आपल्या देवळाचा नंदी दिसला. लहानपणी ज्याच्या पाठीवर बसून पडलो त्या नंदीचा तुटका कान ओळखू आला, असं त्याने कळवलं. ते पान त्याने जसंच्या तसं साठवून ईमेलने धाकट्या भावाला पाठवलं. भावाने ते फ्लॉपीवर घेऊन ठाण्यात आणून दिलं. पान पाहायला आम्ही भावासोबत सायबर कॅफेत जाऊन ती वेबसाइट उघडेपर्यंत तिथून ते काढून टाकलेलं होतं. म्हणजे आमच्या हाती त्या पानाची राहिलेली नक्कल या फ्लॉपीत होती.

आणि ती उघडेना.

ठाण्यात नुकताच एक कॉम्प्युटर आला होता. गुन्ह्यांचे तक्ते टाइप करण्यापलीकडे त्याचा उपयोग कुणाला माहीत नव्हता. लिखापढी बघणाऱ्या रायटर हवालदाराने फ्लॉपी घातली. कॉम्प्युटरने उलट विचारलं, ही फाइल कशाने उघडू? हवालदाराने ब्राउझर दाखवून दिला. मग पडदाभर इंग्रजी अक्षरं आणि बरोबरची (=) चिन्हं सांडली, ना शेंडा ना बुडखा. खाली नेऊ तितकं तेच.

"व्हायरस आहे," साहेब म्हणाले. "काढा ती फ्लॉपी आधी, आपला कॉम्प्युटर जाईल."

जिल्ह्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे नेली. त्याच्याकडेही तोच पसारा. "फाइल खराब आली, परत मागवा," म्हणाला. भावाने अमेरिकेला फोन लावला, तर मुलगा त्याच आठवड्यात नोकरी बदलून दुसऱ्या शहरी गेलेला. नवा नंबर घरी कळायचा होता. ईमेलला उत्तर येईना.

साहेबांनी सांगितलं, "डायरीत लिहा, फ्लॉपीत उपयुक्त मजकूर मिळून आला नाही. आणि उद्या गुरवाला घ्या."

मी पेन उघडलं आणि बंद केलं. मजकूर नाही हे मला कुठे माहीत होतं? मला तो वाचता आला नव्हता, एवढंच खरं होतं. साहेबांना म्हणालो, "एक दिवस द्या." ते म्हणाले, "तुम्ही सातवी पास, तुम्ही काय बघणार त्यात?" टोमणा होता, पण परवानगीही होती. फ्लॉपी रीतसर ताब्यात घेतल्याची नोंद केली आणि माजलगावची एसटी धरली.

मॅडमचा क्लास किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत होता. पुढे गल्ल्यावर त्यांच्या सासूबाई. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, जीभ तिखट. वर्दी बघून म्हणाल्या, "काय केलं वो आमच्या सुनंनं?"

"काही नाही आजी. मदत पाहिजे."

"पोलिसाला मदत? मंग बसा. पळून तर जाणार न्हाईत तुमी."

मॅडम तिशीच्या. औरंगाबादहून शिकून आलेल्या, लग्नानंतर त्यांनी हट्टाने क्लास सुरू केला होता. फ्लॉपी घालून त्यांनी तोच पसारा पाहिला आणि अगदी आरामात खाली-वर नेला. माझा जीव टांगणीला.

"व्हायरस कोण म्हणालं?"

"साहेब."

"साहेबांना म्हणावं, व्हायरस न्हाई. गाठोडं हाय." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "काका, हे वर बघा. इथं साधं इंग्रजी हाय. पान कुठल्या पत्त्यावरचं, कवा साठवलं, कुठल्या ब्राउझरनं साठवलं, समदं लिवलंय. त्या ब्राउझरची रीतच अशी. पानातला मजकूर अन् फोटो एकाच फाइलीत बांधून ठेवतो. आपल्याकडचा ब्राउझर दुसऱ्या कंपनीचा. त्याला ही गाठ सोडता येत न्हाई, म्हणून तो गाठोडंच वाचून दाखवतोय."

"म्हणजे फोटो आहे आत?"

"हा एवढा मोठा अक्षरांचा ढीग दिसतोय ना? ह्योच तुमचा फोटो."

त्या ढिगाकडे मी बघत राहिलो. अक्षरंच अक्षरं. गुरवाची अब्रू त्यात कुठेतरी होती.

ज्या ब्राउझरने बांधलं तोच सोडवील, असं त्यांचं म्हणणं. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा तर फोनची लाइन दर थोड्या वेळाने तुटायची, दिवस गेला असता. त्यांनी फळीवरून सीडींचा गठ्ठा काढला. तेव्हा कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी फुकट येत. एकेक लावून बघत शेवटी हवी ती सापडली. सुरू केलं, तर जागा पुरेना. "पोरांनी गेम भरून ठेवलेत मेल्यांनी," म्हणत त्यांनी ते एकामागून एक पुसले. बसवणं निम्म्यावर आलं आणि वीज गेली. दुपारचं भारनियमन.

खाली ठेवलेला बॅटरीचा डबा बीप बीप करू लागला. मॅडमनी पळत जाऊन पंख्याची, बाकीच्या कॉम्प्युटरची बटणं बंद केली. सासूबाई पुढून ओरडल्या, "काय जळालं का गं?"

"न्हाई आत्या! देव येतोय!"

"कोन्ता देव?"

"नंदी!"

सासूबाई गल्ला सोडून आत आल्या. दुकानात गिऱ्हाईक उभं, त्याला म्हणाल्या, "थांब रे, साखर कुठं पळून चालली न्हाई."

पान उघडलं तेव्हा आधी मजकूर आला, मग एक मोकळी चौकट. चौकटीत वरून खाली पट्टी पट्टीने चित्र भरत गेलं. शिंगं, तुटका उजवा कान, गळ्यातली घुंगरमाळ. सासूबाईंनी पायातली चप्पल काढली आणि हात जोडले. बॅटरी संपायच्या आत मॅडमनी फोटोची प्रिंट काढली, फाइल आणखी दोन फ्लॉपींवर घेतली आणि मगच मान वर केली.

तोवर सासूबाई प्रिंट डोळ्यांजवळ धरून बघत होत्या. "ह्याला भस्म कुणी लावलंय? ताजं हाय. अन् बेल बघ, रीतीपरमानं पालथा वाह्यलाय. घोंगडीवर बसवलाय. चोरानं चोरला अन् पूजा केली?"

मीही पाहिलं. कपाळावर भस्माच्या तीन आडव्या रेघा, स्वच्छ, एकसारख्या. मागे पोत्यांची थप्पी आणि हिरव्या भिंतीत एक कमानीचा कोनाडा.

"पोती सरकी पेंडीची हायेत," सासूबाई म्हणाल्या. "लाल सुतळीनं तोंड शिवलंय. आमच्या हितं पांढरी वापरत्यात. लाल सिरसाळ्याच्या बाजारात."

म्हणजे नंदी अजून परदेशी गेलेला नसावा. फोटो इथेच काढला होता, गिऱ्हाईक ठरल्यावर माल हलणार असावा. मी फीचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "काका, वर्दीत हायेत म्हणून ऐकून घेते, परत बोलू नका." ठाण्याला परतताना एसटीत मी ती प्रिंट सदऱ्याच्या आत छातीशी धरून बसलो होतो.

साहेबांना ती दाखवली. ते खूश झाले आणि पुढच्याच क्षणी म्हणाले, "बघा! भस्म, बेल. पूजा करणाराच आहे. मी म्हणत नव्हतो? घ्या गुरवाला आत."

ज्याच्यासाठी धडपड केली त्याच्याच गळ्यात फास बसायची वेळ आली. गुरवाला बोलावून साहेबांनी प्रिंट पुढे टाकली. नंदी दिसल्याबरोबर तो रडायला लागला. मग डोळे पुसून नीट बघितलं आणि म्हणाला, "साहेब, ही रेघ माझी न्हाई."

"कशावरून?"

त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. पहिली दोन बोटं मुळापासून गेलेली होती. "कडबा कापायच्या यंत्रात गेली. मला तीन बोटांची रेघ येत न्हाई. मी नंदीला अंगठ्यानं एक गोल टिळा लावतो. गावात कुणालाबी इचारा."

हवालदार म्हणाला, "डाव्या हातानं लावली असशील."

गुरवाने त्याच्याकडे असं बघितलं की हवालदारानेच मान खाली घातली. डाव्या हाताने देवाला भस्म लावणारा या भागात सापडायचा नाही. साहेबांनी प्रिंट उचलून परत एकदा पाहिली. मग मला म्हणाले, "सिरसाळ्याला कधी निघताय?"

मी साध्या कपड्यांत एका शिपायाला घेऊन गेलो. म्हशीला पेंड घ्यायची म्हणून दुकानं हिंडलो. भाव करायचा, माल बघायला गोदामात जायचं, नाक मुरडून बाहेर यायचं. एक दुकानदार तर चिडलाच. "म्हशीला पेंड घेताय का सून बघताय बे?" त्याच्या शेजारच्या गोदामात हिरवी भिंत होती, कमानीचा कोनाडा होता. नंदी मात्र नव्हता.

त्या गोदामाचा मालक पेंडीचा दुकानदार, प्रतिष्ठित गृहस्थ. देवळाच्या गावात त्याची शेती, जत्रेत दरवर्षी अन्नदान. कपाळावर तीन रेघा, पण त्या अर्ध्या बाजाराच्या कपाळावर असतात, तो पुरावा नव्हे. जबाबासाठी ठाण्यात आणला. फोटो दाखवला तर म्हणाला, "अशा भिंती छप्पन असतील. अन् हे कॉम्प्युटरचं चित्र. आजकाल कशाला काहीबी चिकटवत्यात." मोठमोठ्या लोकांची नावं घेऊ लागला. साहेबांना फोन येऊ लागले. संध्याकाळपर्यंत त्याला सोडावं लागणार हे दिसत होतं.

मी मारहाणीचा माणूस नव्हतो. भीतीपोटी म्हणा हवं तर, पण नव्हतो. इतकी वर्षं माणसं बघून एक कळलं होतं. माणूस गुन्ह्याचा आरोप पचवतो, पण ज्या गोष्टीचा त्याला अभिमान आहे तिच्यावर शिंतोडा उडालेला त्याला पचत नाही. फोटोत ती घोंगडी होती, पालथा बेल होता. हे करणाऱ्याला त्याचा अभिमान असणारच.

मी त्याच्याशी बोलणं थांबवलं. शेजारच्या हवालदाराकडे वळून म्हणालो, "जाऊ द्या. नाही सांगत तर नाही. ज्याने कुणी नेलाय त्याने तो गोठ्यात मुताच्या ओलीत टाकलाय म्हणतात. दिवा नाही, पाणी नाही. देवाचे असे हाल करणारा माणूस तरी असेल का?"

दुकानदार खुर्चीतून उठलाच. "मुतात? तोंड सांभाळा साहेब! पेव झाडून सारवून घेतलंय मी. सकाळ-संध्याकाळ दिवा लावतो, रोज ताजा बेल वाहतो!"

हवालदाराने लिहायला पेन उचललं. त्याच्या लक्षात आलं आणि तो हळूच खाली बसला. मग रडत म्हणाला, "देव न्हाई इकला साहेब. गिऱ्हाईक येईस्तोवर पाहुणा म्हणून ठेवलता."

त्याच्या शेतातल्या जुन्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या कोठीत, नंदी मिळाला. खरोखरच सारवलेलं होतं आणि दिवा तेवत होता. पंचांसमक्ष ताब्यात घेतला. मुंबईहून येऊन फोटो काढणारा दलालही पुढे पकडला गेला, ते काम वरच्या शाखेने केलं.

खटल्यात बचावाच्या वकिलाने त्या फाइलीवरच घाव घातला. पोलिसांच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, जिल्ह्याच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, मग हिच्याच घरी कशी उघडली? मॅडम साक्षीला आल्या होत्या. घरातली सून कोर्टात उभी राहते म्हणून नातेवाईक नाराज होते, पण सासूबाई स्वतः सोबत आल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. मॅडम म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमच्या घराला माझी किल्ली लागत न्हाई म्हणून तुमचं घर रिकामं हाय असं मी म्हणते का?" आपला कॉम्प्युटर त्यांनी जीपमध्ये घालून आणला होता. न्यायाधीशांच्या परवानगीने पान सगळ्यांसमोर उघडलं. शिक्षा लागली.

गावाने वाजतगाजत नंदी बसवला. किल्ली गुरवाच्या हातात देताना पंच हात जोडू लागले, तेव्हा गुरवच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, पूजेला उशीर होतोय." त्याने आंघोळ घातली आणि अंगठ्याने गोल टिळा लावला. लिंबाखाली बसणारी त्याची बायको त्या दिवशी बायांच्या पुढे उभी होती. सेवापुस्तकात मला बक्षिसाची नोंद मिळाली. पण त्या सकाळी त्या बाईने मान वर करून गावाकडे बघितलं, ते मी माझं खरं बक्षीस धरतो.

या तपासाने मला दोन गोष्टी शिकवल्या. आपल्याला वाचता येत नाही ते रिकामं समजून डायरीत "काही मिळून आले नाही" असं लिहू नये. मी सातवी शिकलेला. न कळणं मला रोजचंच होतं, म्हणून त्याची लाज न वाटता विचारत जाण्याची सवय होती. तीच कामी आली. दुसरी गोष्ट अशी की गुन्हेगार म्हणजे सगळा काळा माणूस नसतो. त्याचा जो भाग चांगला असतो त्याच दाराने कधीकधी आत जाता येतं.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर मी मॅडमना म्हणालो, "तुमच्यासाठी काय करू, सांगा." त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, तुमी कोकणातले. आमी दोघींनी समुद्र बघितला न्हाई अजून." सासूबाई लगेच, "मी पाण्यात उतरणार न्हाई, आधीच सांगते."

मग बदल्या झाल्या, दुखणी झाली, मी निवृत्त झालो. आता राजापूरच्या घराचं छप्पर नीट करून घेतलंय. सासूबाई अजून गल्ल्यावर बसतात, असं मॅडम फोनवर सांगतात. मॅडम, या दिवाळीनंतर मी स्वतः गाडी घेऊन माजलगावला येतो. तुम्हा दोघींना आमच्या घरी नेईन, समुद्र दाखवीन, आणि तुमच्या सासूबाई पाण्यात उतरेपर्यंत परत पाठवणार नाही.